दोन जाळ्या

नॅसकार या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या गाडीला चालकाच्या बाजूच्या खिडकीत काच नसते. तिथे नायलॉनच्या पट्ट्यांची जाळी ताणून बसवलेली असते, खाटेची नवार विणतात तशी. 1970 साली साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटीची गाडी कोलांट्या खात गेली, तेव्हा त्याचा हात खिडकीतून बाहेर लोंबकळत होता. त्या दृश्यानंतर ही जाळी सक्तीची झाली. गाडी कशीही उलटली तरी माणूस आत राहावा, एवढंच तिचं काम. पण पुढे तिला आणखी एक काम मिळालं, आणि ते कोणी आधीपासून योजलेलं नव्हतं असं मला वाटतं. अपघात होतो, गाडी थांबते, धूर विरायला लागतो. चालक शुद्धीवर असेल, हात हलत असेल, तर तो आतून ती जाळी सोडतो. जाळी खाली पडली म्हणजे माणूस ठीक आहे. मदतीची गाडी पोचण्याआधीच हा निरोप स्टँडमधल्या हजारो लोकांना मिळतो. तोवर त्या गर्दीतला आवाज बंद झालेला असतो. जाळी पडली की तो परत येतो.

या खेळात दुसरीही एक जाळी आहे. ती प्रेक्षक आणि ट्रॅक यांच्यामध्ये असते. काँक्रीटच्या भिंतीवर रोवलेले पोलादी खांब, त्यांच्यातून आडव्या ओढलेल्या जाड पोलादी तारा, त्यांना बांधलेली तारेची जाळी, आणि वरचं टोक ट्रॅककडे झुकवलेलं. तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही, सगळे तिच्यातून पलीकडे बघतात. अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा प्रेक्षक नेमकं काय बघायला येतो, हा प्रश्न मला या दोन जाळ्यांपाशीच आणून सोडतो.

मोठ्या जाळीची खरी कसोटी लागली 3 मे 1987 रोजी, अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगाला. हा ट्रॅक 4.28 किलोमीटरचा आणि वळणांवर 33 अंशांनी तिरपा. एवढा चढ असल्यामुळे वळणावरही वेग कमी करावा लागत नाही. त्या शर्यतीआधी बिल एलियटने पात्रता फेरीत ताशी 342 किलोमीटरचा वेग नोंदवला होता. नॅसकारमधला पात्रता फेरीचा तो विक्रम आजही मोडलेला नाही, आणि तो मोडणार नाही अशीच सगळी व्यवस्था नंतर केली गेली. त्याचं कारण शर्यतीच्या बाविसाव्या फेरीत घडलं. 49 वर्षांच्या बॉबी ॲलिसनच्या गाडीचा टायर फुटला. गाडी गर्रकन उलट्या तोंडाची झाली, जमीन सोडून वर उठली आणि स्टँडसमोरच्या जाळीत घुसली. जाळीचा लांबलचक पट्टा उखडला, खांब वाकले. पोलादाचे तुकडे प्रेक्षकांवर आले आणि काही जण जखमी झाले. गाडी पलीकडे गेली नाही, जाळीने तिला परत ट्रॅकवर टाकलं. ती पलीकडे गेली असती तर काय झालं असतं, हे त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

बॉबीच्या पुढे त्याचा मुलगा डेव्ही गाडी चालवत होता. वडिलांची गाडी हवेत उडताना त्याने ती आरशात पाहिली. जाळी दुरुस्त करायला अडीच तास लागले. शर्यत पुन्हा सुरू झाली, अंधार पडू लागला म्हणून दहा फेऱ्या कमी केल्या, आणि ती डेव्हीने जिंकली. त्याच्या कारकिर्दीतला तो पहिला विजय. वडील बचावले होते.

एवढी दीड टनाची गाडी उडते कशी? गाडीचा आकार समोरून येणाऱ्या हवेने तिला खाली दाबावं अशा बेताने केलेला असतो. पण गाडी फिरली आणि हवा बाजूने किंवा मागून येऊ लागली की तोच आकार विमानाच्या पंखासारखा वागतो. छतावरून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि गाडी उचलली जाते. 1994 पासून छतावर दोन झडपा बसवायला लागले. एरवी त्या छताशी सपाट मिटलेल्या असतात. गाडी उलटी फिरली की तोच घटलेला दाब त्यांना वर ओढतो, त्या ताठ उभ्या राहतात आणि छतावरचा वारा तोडतात. ना मोटर, ना सेन्सर. जी शक्ती गाडीला उडवणार, तीच झडप उघडते. या खेळातल्या सगळ्या शोधांपैकी मला हा सर्वांत सुंदर वाटतो.

आता वेगाचा हिशेब. ताशी 320 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 89 मीटर. क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडल्या तरी गाडी एका सेकंदात त्या ओलांडून पुढे जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून द्रुतगती महामार्गावर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या तेवढ्याच वजनाच्या गाडीपेक्षा या गाडीत सव्वातीन पट नाही, तर दहा पट ऊर्जा असते. अपघातात ती ऊर्जा कुठे ना कुठे खर्च व्हावीच लागते. ती पत्र्यात जाईल, भिंतीत जाईल, जाळीत जाईल, नाहीतर माणसाच्या शरीरात जाईल. नॅसकारमधल्या सुरक्षेचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा या ऊर्जेला चौथी वाट मिळू नये म्हणून केलेल्या खटपटीचा इतिहास आहे.

1987 नंतरचा पहिला उपाय वेगावरच होता. 1988 पासून डेटोना आणि टॅलाडेगा या दोन मोठ्या ट्रॅकवर इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी चार भोकांची पातळ धातूची पट्टी बसवायला लागले. हवा कमी, म्हणून ताकद कमी, म्हणून वेग कमी. पण या पट्टीने एक नवीच गोष्ट जन्माला घातली. सगळ्यांची ताकद सारखीच आवळली गेल्यामुळे कोणी कोणाला सोडून पुढे जाईना. तीस-चाळीस गाड्या एकाच घोळक्यात, बोटभर अंतर राखून, ॲक्सिलरेटर तळाला टेकवून धावू लागल्या. आसनाला आवळून बांधलेल्या चालकाला बाजूचं धड दिसत नाही. स्टँडच्या छतावर उभा असलेला त्याचा माणूस रेडिओवरून सांगतो, डावीकडे गाडी आहे, आता मोकळं आहे. अशा घोळक्यात एक गाडी घसरली की मागच्या पंधरा-वीस तिच्यावर आदळतात. या सामूहिक अपघाताला चाहत्यांनी नाव दिलं ‘द बिग वन’. ‘आज बिग वन होणार का?’ हे शर्यतीआधीच्या गप्पांमधलं नेहमीचं वाक्य झालं. प्रेक्षक वाचावेत म्हणून केलेल्या उपायाने प्रेक्षकांना अपघाताची वाट बघायला शिकवलं.

मग लोक अपघात बघायलाच येतात का? हा आरोप या खेळावर पहिल्यापासून आहे, आणि तो साफ खोटा म्हणता येत नाही. 18 फेब्रुवारी 1979 रोजी ‘डेटोना 500’ ही शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट टीव्हीवर दाखवली गेली. अमेरिकेच्या पूर्व भागात त्या दिवशी तुफान हिमवर्षाव झाला होता आणि लोक घरात अडकले होते. ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नव्हती अशी कितीतरी घरं त्या दिवशी टीव्हीसमोर बसली होती. शेवटच्या फेरीत आघाडीवरचे केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर घासत भिंतीला धडकले आणि खाली गवतात येऊन थांबले. मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला. इकडे डॉनीचा भाऊ बॉबी (पुढे टॅलाडेगाला जाळीत घुसला तोच) गाडी थांबवून आला आणि गवतात हाणामारी जुंपली. देशभर ओळख नसलेला दक्षिणेतला एक खेळ त्या दुपारी राष्ट्रीय झाला, असं नॅसकारचे इतिहासकार सांगतात. अपघाताने आणि मारामारीने तो मोठा केला, असंही कोणी म्हणेल. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या दिवशी अपघातातून उतरलेली दोन्ही माणसं एकमेकांना गुद्दे मारण्याइतकी धडधाकट होती. ते दृश्य मजेचं झालं ते त्यामुळेच.

बरोबर 22 वर्षांनी, 18 फेब्रुवारी 2001 ला, त्याच डेटोनावर याची दुसरी बाजू दिसली. शर्यत संपायला सत्तावीस फेऱ्या उरल्या असताना टोनी स्ट्यूअर्टची गाडी हवेत उडाली, दुसऱ्या गाड्यांवरून कोलांट्या घेत गेली, तिचे तुकडे सगळीकडे विखुरले. बघणाऱ्यांना वाटलं, हा गेला. स्ट्यूअर्टच्या खांद्याला मार लागला आणि डोक्याला सौम्य धक्का बसला, एवढंच. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टची काळी 3 क्रमांकाची गाडी घसरली आणि भिंतीला जाऊन टेकली. बघायला अगदी साधा अपघात. ना गाडी उलटली, ना आग लागली. पुढे त्याच्याच संघाची गाडी चालवणारा मायकेल वॉल्ट्रिप जिंकत होता आणि अर्नहार्टचा मुलगा दुसरा येत होता, सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या. पण अर्नहार्टच्या खिडकीची जाळी खाली पडली नाही.

डोळा अपघात मोजतो तो आवाजावरून, उडालेल्या तुकड्यांवरून, कोलांट्यांवरून. शरीर मोजतं ते फक्त एकाच मापाने: वेग किती थोड्या वेळात शून्य झाला. कोलांट्या खाणारी गाडी आपली ऊर्जा पाच-दहा सेकंद थोडी थोडी उधळत जाते. भिंतीला तोंडावर धडकलेली गाडी ती निमिषात टाकते. पट्ट्यांनी बांधलेलं धड जागच्या जागी थांबतं, हेल्मेटचं ओझं असलेलं डोकं पुढे जात राहतं आणि कवटीचा तळ तुटतो. अर्नहार्टचं असं झालं. त्याआधीच्या एकाच वर्षात, 2000 साली, नॅसकारचे आणखी तीन चालक असेच भिंतीला धडकून गेले होते: एकोणीस वर्षांचा ॲडम पेटी (रिचर्ड पेटीचा नातू), केनी अर्विन आणि टोनी रोपर.

यावरचा उपाय तेव्हा बाजारात होता, हे जास्त बोचतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा शर्यतपटू मेहुणा जिम डाउनिंग यांनी, 1981 साली एक मित्र असाच गेल्यावर, खांद्यांवर बसणारी आणि हेल्मेटला पट्ट्यांनी बांधून ठेवणारी एक कडक कॉलर बनवली होती. ‘हॅन्स’ हे तिचं नाव. अवघडतं, मान वळत नाही, म्हणून बरेच चालक ती घालत नव्हते. 2001 च्या ऑक्टोबरमध्ये नॅसकारने डोकं बांधणारं साधन सक्तीचं केलं. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने ‘सेफर’ नावाची भिंत तयार केली: काँक्रीटच्या पुढे फोमचे ठोकळे, त्यांच्या पुढे पोकळ पोलादी नळ्या. गाडी आदळली की भिंत थोडी दबते आणि थांबण्याच्या त्या निमिषाला किंचित लांबवते. ती 2002 पासून ट्रॅकवर आली. अर्नहार्टनंतर नॅसकारच्या ‘कप’ या मुख्य मालिकेतल्या शर्यतीत एकही चालक दगावलेला नाही.

याची एक वेगळी बाजू रसेल सोबेल आणि टॉड नेस्बिट या अर्थतज्ज्ञांनी नॅसकारच्याच आकड्यांवरून तपासली. गाडी सुरक्षित होत जाते तसा चालक जास्त धोका पत्करतो, हे त्यांना आढळलं. कॉलर आहे, भिंत मऊ आहे, तर ती फट साधून बघू, असं मन म्हणतं. आणि हे प्रेक्षकालाही लागू आहे असं मला वाटतं. त्याबद्दल अभ्यास नाही, माझं मत आहे. चालक जाळी सोडणारच, असा विश्वास बसला की प्रेक्षक अपघाताकडे निर्धास्तपणे बघू लागतो. जो खेळ दरवर्षी माणसं मारतो त्यातल्या धडकेवर टाळ्या वाजवणं जड जातं. जो मारत नाही त्यात ते सोपं होतं.

डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं, की भीतीने शरीरात चढलेली उत्तेजना लगेच उतरत नाही, आणि पाठोपाठ येणाऱ्या भावनेला ती जोर पुरवते. भीतीनंतर सुटका झाली तर आनंद नेहमीपेक्षा मोठा वाटतो. खिडकीची जाळी पडल्यावर स्टँडमधून उठणारा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. लोकांना अपघात हवा असतो का? हो, पुष्कळांना हवा असतो. त्यांना इजा हवी असते का? नाही. त्यांना जाळी पडलेली हवी असते, आणि तीही थोडी थांबून पडलेली.

पण हे सगळं स्पष्टीकरण चाहत्याच्या फार तर एका दुपारला पुरतं. डॅनियल वॉन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1995 साली क्रीडाप्रेक्षकांच्या प्रेरणा मोजण्याची एक पट्टी तयार केली. तिच्या आठ प्रेरणांमध्ये हवासा वाटणारा ताण तर आहेच, पण घरच्यांबरोबर वेळ घालवणं आहे, आपल्यासारख्यांच्या कळपात असणं आहे, रोजच्या जगण्यातून सुटका आहे, आणि जिंकणाऱ्याच्या उजेडात स्वतःला जरा मोठं वाटून घेणंही आहे. टॅलाडेगाच्या शर्यतीला लोक कित्येक दिवस आधी राहुट्या आणि घरगाड्या घेऊन येतात. चुली पेटतात, वडिलांचा चालक कोण आणि मुलाचा कोण यावर वाद होतात. पुष्कळ चाहते कानाला रेडिओ स्कॅनर लावून बसतात. त्यात आपल्या चालकाचं त्याच्या संघाशी चाललेलं बोलणं थेट ऐकू येतं. मोठ्या खेळांत प्रेक्षकाला खेळाडूच्या इतक्या जवळ सहसा जाता येत नाही. अर्नहार्ट गेला त्या वर्षी प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत स्टँड उभं राहून तीन बोटं वर करत असे. अपघाताच्या भुकेपोटी आलेली माणसं असं करत नाहीत.

आपुलकी किती लांबून धावते याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, 2010 साली नॅसकारच्या ट्रक मालिकेतल्या मोजक्या शर्यतींत धावला. एकही जिंकला नाही. तरी त्या वर्षी चाहत्यांच्या मतांवर त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक तो ठरला. मतं कुठून आली असतील याचा अंदाज वाचकाने करावा.

आता पुन्हा मोठ्या जाळीकडे. 26 एप्रिल 2009, टॅलाडेगाच, शेवटची फेरी. कार्ल एडवर्ड्स आघाडीवर, मागे ब्रॅड केसेलोव्स्की. केसेलोव्स्की आतल्या बाजूला घुसला, एडवर्ड्स त्याला अडवायला खाली आला. आतली पिवळी रेघ ओलांडून पुढे गेलं तर शिक्षा होते, म्हणून केसेलोव्स्की हटला नाही. एडवर्ड्सची गाडी उलटी फिरली, झडपा उघडूनही उचलली गेली, मागून आलेल्या रायन न्यूमनच्या गाडीवर आपटली आणि तिथून थेट जाळीवर गेली. जाळीने गाडी परत फेकली, तुकडे मात्र अडवले नाहीत. अर्धा डझनाहून जास्त प्रेक्षक जखमी झाले, एका तरुणीचा जबडा मोडला. एडवर्ड्स जळत्या सांगाड्यातून बाहेर आला आणि शर्यत पुरी करायची म्हणून अंतिम रेषेपर्यंत पायी पळत गेला. स्टँड त्याच्यासाठी ओरडत होतं. काही मीटरवर, त्याच स्टँडमध्ये, लोक रक्त पुसत होते. चालक सुखरूप असल्याची खूण सगळ्यांनी पाहिली होती. प्रेक्षक सुखरूप असल्याची खूण या खेळात ठरलेलीच नाही.

त्यानंतर टॅलाडेगाची जाळी 14 फुटांवरून 22 फूट उंच केली. पण अडचण फक्त उंचीची नव्हती. जाळी बनवलीच जाते गाडी अडवायला. पोलादी तारा आणि खांब उडत्या गाडीला किसणीसारखे किसतात, आणि किसलेलं जे निघतं ते पलीकडे पडतं. 23 फेब्रुवारी 2013 ला डेटोनावर, मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या शर्यतीत, काईल लार्सनची गाडी जाळीच्या नेमक्या फाटकाजवळ आदळली. लोकांना ये-जा करता यावी म्हणून ठेवलेली ती जागा सर्वांत कच्ची निघाली. गाडीचं पुढचं तोंड तुटलं, इंजिन भोकातून आरपार शिरलं, एक चाक स्टँडमध्ये जाऊन पडलं. निदान 28 प्रेक्षक जखमी झाले. लार्सन चालत बाहेर आला. रात्रीतून जाळी दुरुस्त झाली आणि दुसऱ्या दिवशी ‘डेटोना 500’ ठरल्या वेळी सुरू झाली. फाटकं पक्की करण्याचं काम पुढे झालं.

2015 च्या जुलैमध्ये पावसामुळे रेंगाळलेली डेटोनाचीच शर्यत मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली. अंतिम रेषेवर ऑस्टिन डिलनची गाडी दोन गाड्यांवरून उडून जाळीत गेली आणि परत येऊन छतावर पडली. इंजिन वेगळं होऊन ट्रॅकवर धुमसत होतं. या वेळी जाळी टिकली, पाच प्रेक्षकांना किरकोळ इजा झाल्या. दुसऱ्या संघांचे मेकॅनिक धावत त्या उलट्या गाडीपाशी पोचले, वाकून आत पाहिलं आणि स्टँडकडे वळून अंगठे वर केले. डिलनच्या गाडीचा क्रमांक 3 होता. अर्नहार्टनंतर तेरा वर्षं कप मालिकेत कोणीही वापरला नव्हता, तोच.

अमेरिकेतल्या या मोठ्या ट्रॅकवर वरच्या रांगांची तिकिटं सहसा महाग असतात, कारण तिथून सगळा ट्रॅक दिसतो. खालच्या रांगा स्वस्त. तिथून फक्त समोरचा तुकडा दिसतो आणि घोळका गेला की छातीत धप्प होतं, कानातल्या बोळ्यांतूनही. माझ्या मते त्या पहिल्या काही रांगा विकूच नयेत. पण तिथे बसणाऱ्यांना हटवायचं म्हटलं तर तेच सर्वांत आधी भांडतील. गाड्या गेल्यावर मिनिटभर त्यांच्या अंगावर बारीक काळे कण पडत राहतात, टायरमधून झिजलेल्या रबराचे. ते जाळीतून सहज येतात. पॉपकॉर्नमध्ये पडतात, शीतपेयाच्या ग्लासात पडतात, मानेला चिकटतात. लोक ते टोपीवरून झटकतात आणि पुढच्या फेरीसाठी मान वळवतात.